डायऱ्यांचे रिकामे पुठ्ठे

मागच्या पावसाळ्यात एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून फोन आला. पलीकडची मुलगी मोठी अदबशीर. म्हणाली, ‘सर, आम्ही लेखकांची कागदपत्रं जमवतोय. तुमच्याकडची द्याल का?’ मी म्हटलं, ‘पुस्तकं ना? देतो की. तीनच निघाली आहेत आणि तिन्हींच्या प्रती पलंगाखाली भरपूर आहेत.’ ती हसली. म्हणाली, ‘पुस्तकं आहेत आमच्याकडे. आम्हाला बाकीचं हवंय. कवितांचे खर्डे, पत्रं, डायऱ्या, फोटो, पेन, चष्मा... असेल ते.’

चष्म्याचं घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, ‘अजून वापरात आहे म्हणावं.’

हसण्यावारी नेलं खरं, पण रात्री माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आत काय असणार? संपादकांच्या ‘साभार परत’च्या चिठ्ठ्या, पोस्टकार्डं, आंतरदेशीय पत्रं, एका कवितेचे अकरा खर्डे, मुशायऱ्याची निमंत्रणं, एसटीची तिकिटं आणि त्यांच्या पाठीवर लिहिलेल्या ओळी. तळाशी चार डायऱ्या. त्यातली एक मी पाहिली आणि लगेच खाली दाबून ठेवली. तिच्याविषयी पुढं सांगेन.

हे सगळं घेऊन विद्यापीठ करणार काय, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. छापलेलं पुस्तक कुठल्याही ग्रंथालयात असतं. एक प्रत हरवली तर दुसरी मिळते. पण कवीनं खोडून ठेवलेला कागद जगात एकच असतो. तो गेला की गेला. अशा एकुलत्या एक कागदांची जागा म्हणजे अभिलेखागार. जुन्या भाषेत दफ्तरखाना म्हणा. तिथं पुस्तकासारखं विषयवार मांडत नाहीत. एका माणसाचे कागद एकत्र राहतात, दुसऱ्याच्या कागदात मिसळत नाहीत आणि त्यानं ज्या क्रमानं ठेवले असतील तो क्रमही होता होईतो मोडत नाहीत. बिलांच्या गठ्ठ्यात प्रेमपत्र सापडलं, तर ते बिलांच्या गठ्ठ्यात होतं हीसुद्धा माहितीच. मग आम्लविरहित कागदाच्या लखोट्यात घालून, खोक्यात ठेवून, खोक्याला क्रमांक देऊन त्याची यादी होते. वाचायला जाणाऱ्यानं पिशवी बाहेर ठेवायची, शाईचं पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. मला ही पेन्सिलची अट फार आवडते. मोठमोठे विद्वान तिथं पहिलीतल्या पोरासारखे बसतात.

आता एका कवीची गोष्ट सांगतो. फिलिप लार्किन. बी.ए.ला आम्हाला त्याच्या दोन कविता होत्या, तेव्हापासूनची ओळख. 1922 साली जन्मलेला हा इंग्रज कवी पोटासाठी ग्रंथपाल होता. 1955 पासून 1985 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, तो उत्तर इंग्लंडातल्या हल विद्यापीठाचं ग्रंथालय सांभाळत होता. आपल्याकडे कवी मास्तर असतो किंवा कारकून असतो. मी दुसऱ्या जातीचा. त्यामुळे रोज वेळेवर कचेरीत जाऊन संध्याकाळी कविता लिहिणारा हा माणूस मला परका वाटला नाही.

दोन्हीकडचा असल्यामुळे त्याला एक गोष्ट खुपायची. इंग्लंडातल्या कवींचे कागद अमेरिकेतली विद्यापीठं नेत होती. बफेलोच्या विद्यापीठातल्या चार्ल्स ॲबट नावाच्या ग्रंथपालानं 1930च्या दशकातच कवींना पत्रं पाठवून त्यांचे खर्डे मागितले होते. त्यांची टोपली रिकामी करायलाच निघाला होता म्हणा ना! पुढं टेक्सास विद्यापीठानं तर पैसा ओतून हस्तलिखितं घेतली. इंग्लंडातली विद्यापीठं मात्र ढिम्म. जिवंत माणसाचे कागद कसले जपायचे, असा त्यांचा खाक्या. मग 1960च्या दशकात सरकारी मदतीनं हयात कवींची हस्तलिखितं विकत घ्यायची योजना निघाली. लार्किन त्यात पुढं होता. त्यानं स्वतःची 1944 ते 1950 या काळातली कवितांची वही ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली.

1979 साली त्यानं या विषयावर एक निबंध लिहिला. त्यातलं त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. हस्तलिखिताला दोन प्रकारची किंमत असते. एक जादूची. हा तोच कागद, ज्यावर त्याचा हात फिरला. आपल्याकडे पैगंबरांचा केस किंवा संतांच्या पादुका बघायला माणसं जातात, तसलीच ही ओढ. दुसरी किंमत अर्थाची. कागदावर काय लिहिलं, काय खोडलं, कधी थांबला, यातून त्या माणसाचं काम कळतं. जादू जुनी आहे, अर्थाची किंमत त्या मानानं अलीकडची, असं तो म्हणतो.

अर्थाच्या किमतीचं उदाहरण त्याच्याच कवितेचं देतो. मरणाच्या भीतीवरची ‘ऑबाद’ ही त्याची मोठी कविता डिसेंबर 1977 मध्ये छापून आली. छापील पानावर ती एका दमात लिहिल्यासारखी वाटते. पण ती सुरू झाली होती 1974 मध्ये, आणि अडकून पडली होती. नोव्हेंबर 1977 मध्ये लार्किनची आई वारली आणि अडकलेली कविता पुरी झाली. मधली तीन वर्षं पुस्तकात कुठं दिसणार? ती वहीतच दिसतात. आम्हा कवींना प्रतिभेचा झरा वगैरे बोलायची सवय असते. वह्या बघितल्या की झऱ्याला किती ठिकाणी बांध पडला होता ते कळतं.

इतकं सगळं बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या, इतरांचे कागद वाचवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या डायऱ्यांचं काय केलं? तीसहून अधिक वह्या होत्या. मरताना त्यानं सांगून ठेवलं की त्या नष्ट करा. त्याच्या कचेरीतल्या सेक्रेटरीनं, बेटी मॅकेरेथ यांनी, त्या ग्रंथालयातच कागद कापायच्या यंत्रात घातल्या. पुठ्ठे आधी काढून ठेवले. कापलेला कागद मग भट्टीत गेला. ज्या इमारतीत कागद जपायचे, त्याच इमारतीत! पुढं 2017 मध्ये हलच्या त्याच ग्रंथालयात लार्किनच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. त्याची पुस्तकं होती, कपडे होते. त्याच्या वडिलांना नाझींचं कौतुक होतं, त्यांनी आणलेला हिटलरचा एक छोटा पुतळा होता. आणि त्या डायऱ्यांचे रिकामे पुठ्ठे होते. आत एक पान नाही. मी ते फक्त छायाचित्रात पाहिले आहेत, पण भरल्या वहीपेक्षा ते जास्त वेळ बघत बसलो.

डायऱ्या गेल्या, पण बाकीचं वाचलं. त्याचीही गंमत आहे. मृत्युपत्रात एका कलमात म्हटलं होतं की अप्रकाशित लिखाण न वाचता नष्ट करा, आणि दुसऱ्या कलमात विश्वस्तांना ते छापायची मोकळीक दिली होती. कायद्याचा सल्ला घेतला तेव्हा वकील म्हणाले, ही कलमं एकमेकांना काटतात. म्हणून कागद राहिले. बहुतेक वह्या हल विद्यापीठाकडे आहेत. 2010 पासून विद्यापीठाचा आणि शहराचा दफ्तरखाना ‘हल हिस्टरी सेंटर’ नावाच्या एकाच इमारतीत आला आहे, तिथं त्या बघता येतात. आईला लिहिलेली ढीगभर पत्रं तिथंच आहेत. त्यातली निवडक 2018 मध्ये पुस्तकरूपात आली. मोनिका जोन्स या मैत्रिणीला लिहिलेली पत्रं ऑक्सफर्डला गेली.

आणि 1992 मध्ये त्याच्या निवडक पत्रांचं पुस्तक आलं तेव्हा इंग्लंडात गदारोळ झाला. इतक्या हळुवार कविता लिहिणारा हा माणूस मित्रांना लिहिताना काळ्या-सावळ्या स्थलांतरितांविषयी गलिच्छ बोलत होता. पुढच्याच वर्षी चरित्र आलं, त्यातही तेच. काही प्राध्यापकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

मी ती पत्रं वाचली तेव्हा चाळिशीत होतो. ज्याला आपला जातभाई समजत होतो, तो मला दारात उभं करणार नव्हता, हे कळलं. राग आला. पुस्तक काही महिने उलटं ठेवलं होतं, कणा भिंतीकडे करून. पण ती पत्रं जाळली असती तर बरं झालं असतं, असं मला त्याही वेळी वाटलं नाही. फसवलं गेल्याची भावना त्याच्या कवितेनं दिली होती. पत्रांनी दिलं ते खरं. मी आजही त्याच्या कविता वाचतो, फक्त आता जरा अंतरावर बसून वाचतो.

तर मग डायऱ्या जाळणं योग्य की अयोग्य? बेटीबाईंना पुढं लोकांनी खूप छेडलं. मला त्यांचं वागणं समजतं. मरणाऱ्यानं विश्वासानं सांगितलं, त्यांनी केलं. पण यात आणखी एक वाट असते, ती लोकांना फारशी ठाऊक नसते. कागद द्यायचे, पण कुलूप लावून द्यायचे. टी. एस. एलियट या कवीनं एमिली हेल या मैत्रिणीला 1131 पत्रं लिहिली होती. तिनं ती 1956 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली. अट अशी की दोघांपैकी मागं राहील त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं ती उघडायची नाहीत. एलियट 1965 मध्ये गेला, हेलबाई 1969 मध्ये गेल्या. खोकी उघडली जानेवारी 2020 मध्ये. एलियटला ही देणगी रुचली नव्हती. तिची त्याला आलेली पत्रं त्यानं जाळून घेतली होती, आणि तिची खोकी उघडतील त्याच दिवशी बाहेर काढा म्हणून स्वतःचा खुलासा हार्वर्ड विद्यापीठात ठेवला होता. म्हणजे वाद साठ वर्षं दोन ग्रंथालयांच्या फडताळात समोरासमोर बसून होता! आज आपल्याला एकाच बाजूची पत्रं वाचता येतात. दुसऱ्या बाजूची राख झाली.

आपल्याकडे काय आहे? वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांमधली दप्तरं मिळवली, 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. तीनशे वर्षांपूर्वीच्या कागदाविषयी आपण हळवे आहोत. काल वारलेल्या कवीच्या कागदाविषयी मात्र तेराव्याला किंवा चाळिसाव्याला निर्णय होतो आणि तो बहुधा रद्दीवाल्याच्या बाजूनं लागतो. मुंबईत राहून इंग्रजीत लिहिणारे कवी आदिल जस्सावाला यांचे कागद अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात नीट लावून ठेवले आहेत. गार्सिया मार्केस आयुष्यभर अमेरिकी सत्तेवर टीका करत आला. त्याची हस्तलिखितं, टंकलेखन यंत्रं आणि संगणकसुद्धा 2014 मध्ये टेक्सासला गेले, बावीस लाख डॉलरना. कुणाला याचा राग येतो. मला नाही येत. खोक्यात राहिले हे महत्त्वाचं, खोकं कुठं आहे हे नंतर.

हे मी म्हणतो, कारण रद्दीचा गुन्हा माझ्या हातून झाला आहे. आमचे अब्बा शिंपी होते. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं दुकान. चौथीपर्यंत शिकलेले, घरात दखनी बोलायचे, पण मापाची वही मराठीत. खांदा, छाती, बाही, गळा, उंची. आणि मधेच एखादी ओळ. आज पहिला पाऊस. अमक्याचा मुलगा शाळेत पहिला. बहात्तरच्या दुष्काळात किती कपडे उधारीवर शिवले त्याचा हिशेब. पंचवीस-तीस वह्या होत्या. अब्बा 1998 मध्ये गेले. तीन वर्षांनी आम्ही घर बदललं तेव्हा मी त्या वह्या रद्दीत घातल्या. किलोला चार रुपये आले. तागडीत वह्या चढवताना रद्दीवाला म्हणाला, ‘कव्हरं काढून द्या, वजनात धरत नाही.’ मी काढून दिली. लार्किनच्या डायऱ्यांच्या पुठ्ठ्यांची हकीकत पुढं वाचली तेव्हा माझा हात थांबला तो यामुळे. माझ्याकडे तर पुठ्ठेही उरले नाहीत.

एक वही मात्र वाचली. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिन आणि खडूच्या खाली. ती 1992 सालची. ग्रंथालयासाठी ट्रंक लावायला घेतली तेव्हा ती हाती आली.

आणि आता ती डायरी, जी मी खाली दाबून ठेवली होती. तीही 1992चीच. मी तेवीस वर्षांचा होतो. सहा डिसेंबरनंतर बाजार पाच दिवस बंद होता. आमच्या गावात तसं काही घडलं नाही, पण भीती होतीच. अब्बांनी मला आणि बहिणींना मामांकडे पाठवलं आणि स्वतः घरी एकटे राहिले. मामांच्या ओसरीवर बसून मी ती डायरी लिहिली. आमचे शेजारी मोर्च्यात होते असं कुणीतरी मला सांगितलं. मी त्यांचं नाव घालून चार पानं लिहिली आहेत. लहानपणी ज्यांच्या अंगणात खेळलो त्या माणसाला मी काय काय म्हटलं आहे ते इथं सांगता येणार नाही. नऊ डिसेंबरच्या पानावर आहे, अब्बांची विचारपूस करायला त्या घरातलं कुत्रंही फिरकलं नसेल.

अब्बांच्या वहीत प्रत्येक मापाला तारीख असते. पाच डिसेंबरनंतर एकच माप आहे, नऊ तारखेचं. नाव त्याच शेजाऱ्यांचं. खांदा अठरा, छाती अडतीस, गळा साडेपंधरा. पुढं लिहिलंय, ‘सदरा. घाई नाही.’ पैसे मात्र त्याच दिवशी, पुरे, आगाऊ. बाजार बंद, दुकान बंद, आणि हा माणूस कापड घेऊन घरी आला होता. घाई नव्हती, तरी आला होता. अब्बांनी मला हे कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

ग्रंथालयाला मी डायरी एकटी दिली असती, तर पन्नास वर्षांनी कुणी पोरगा तिच्यावर प्रबंध लिहिता आणि तो खोटा ठरला नसता, पण अर्धा राहिला असता. कवितेचा खर्डा, डायरी यांना महत्त्वाचं समजायचं आणि मापाची वही म्हणजे किरकोळ, असं मीच समजत होतो. कागद एकमेकांशेजारी ठेवायचे असतात ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

ज्यांच्या घरी अशा ट्रंका असतील त्यांच्यासाठी फोनवरच्या त्या मुलीनं सांगितलेलं दोन मिनिटांत सांगतो. टाचण्या आणि स्टेपल काढा, त्या गंजून कागद खातात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन जाते. लॅमिनेशन तर मुळीच नको. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की दमट हवेत बुरशी येते. वाळवीसाठी ट्रंक जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा. पोस्टकार्डावरची तारीख पुसट असेल तर कोपऱ्यात पेन्सिलनं लिहून ठेवा, कारण आपल्यामागं ते अक्षर कुणाला ओळखू येणार नाही. आणि कागद दिले म्हणजे हक्क दिले असं होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं आपल्या कायद्यात लेखनाचा हक्क वारसांकडे असतो. दुसऱ्यांनी आपल्याला लिहिलेली पत्रंसुद्धा कागद म्हणून आपली, मजकूर म्हणून त्यांची.

देणगीच्या अर्जात एक रकाना असतो, ‘निर्बंध’. कोणती कागदपत्रं किती वर्षं बंद ठेवायची ते तिथं लिहायचं. साभार परतच्या चिठ्ठ्यांना मी काहीच निर्बंध घातला नाही, संपादकांनी वाचाव्यात. डायरी आणि मापाची वही एका लखोट्यात घातली. दोन्ही एकत्रच उघडायच्या, असं लिहिलं. वर्षांचा आकडा मात्र टाकता येईना. शेजारी 2011 मध्ये गेले, पण काकू आहेत. त्यांचं नाव माझ्या डायरीत आहे आणि त्यांना विचारलेलं नाही.

मागच्या आठवड्यात गेलो. डायरीविषयी सांगितलं. तेव्हा काय वाटत होतं, काय लिहिलं, सगळं नाही पण बरंचसं सांगितलं. काकू ऐकत होत्या. मग अब्बांची वही पुढं केली आणि ते माप वाचून दाखवलं. त्यांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली.

‘साडेपंधरा?’ म्हणाल्या. ‘सोळा होता गळा त्यांचा. म्हणून तर त्या सदऱ्याचं वरचं बटण कधी लागलं नाही.’

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)